वीतभर हवा

देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाबाईने भरलेली पाटी उचलली, मटामावर टेकवली, तिच्याखाली डोकं घातलं आणि चालू लागली. तिला काहीच वेगळं वाटलं नाही. शेजारच्या चौकडीत मात्र सोमी ठाकरीण पाटीसकट पुढे कोलमडली आणि तिच्या तोंडात माती गेली.

“माझा मटाम कोनी खाली वढला?” थुंकत थुंकत सोमी म्हणाली.

तिचा नवरा नवशा कुदळीवर रेलून हसायला लागला. पण मग पलीकडून धप्प असा आवाज आला. त्याच्या पलीकडून आणखी एक. सगळ्या माळावर भरलेल्या पाट्या पडत होत्या आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या. नवशाचं हसू विरलं.

पळसदरीच्या अंगाला, डोंगराच्या दोन सोंडा जवळ येतात तिथे, तलावाचं काम चाललं होतं. आगगाडी घाट चढायला लागून वीस-बावीस वर्षं झाली होती, पण विंजिनांची तहान काही भागत नव्हती. म्हणून दोन सोंडांच्या मध्ये मातीचा बांध घालून ओहोळ अडवायचा होता. हत्तीवर हत्ती उभा करावा, त्यावर आणखी एक, आणि अशी हत्तींची रांग या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत लावावी, एवढा तो बांध होणार होता. आणि तो सगळाच्या सगळा बत्तीस बायकांच्या डोक्यावरून जाणार होता, एकेक पाटी करत.

बायका बत्तीस, कारण चौकड्या बत्तीस. चौकडी म्हणजे आखून दिलेला चौकोनी खड्डा. एका जोडप्याला एक. पुरुषाने खणायचं, बाईने माती बांधावर नेऊन टाकायची. चौकडीच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच सोडायचा, डोक्यावर मूळचं गवत ठेवून. तो मटाम. आजूबाजूची जमीन खोल गेली तरी मटाम सांगायचा की ती आधी इथवर होती. आठवड्याने रेल्वेचा साहेब येऊन मटामाची उंची मोजायचा आणि त्या उंचीवर मजुरी ठरायची. पुरुषांच्या लेखी मटाम म्हणजे माप होतं. बायकांच्या लेखी ते एक लाकूडफाटा ठेवायच्या ओट्यासारखं काहीतरी होतं, कारण ओल्या मातीची पाटी जमिनीवरून एका दमात डोक्यावर जात नाही. आधी गुडघ्यावर, मग मटामावर, मग डोक्यावरच्या चुंबळीवर. मुकादम ओरडायचा, गवत चुरगळतं म्हणून. बायका हो म्हणायच्या आणि टेकवायच्या.

काम खोल जाई तसा मटाम बाईच्या अंगावर चढत जाई. पहिल्या दिवशी तो पोटरीला लागे, तिसऱ्या दिवशी मांडीला, सहाव्या दिवशी कमरेला. दिवसाला दोनशे वेळा पाटी टेकवायची म्हटल्यावर ती जागा डोळ्यांना बघावी लागत नसे. सण आला म्हणून एक दिवस सुट्टी पडली, एवढंच. सणाच्या आदल्या संध्याकाळी जिथे मटाम होता तिथेच तो आज असायला हवा होता.

अंबाबाई बांधावर माती टाकून परत आली तेव्हा माळावर कुदळीचा आवाज नव्हता. सोमी आपल्या मटामापाशी उकिडवी बसली होती. तिने मटामावरचं गवत दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं. ते डोक्यावरची टोपी निघावी तसं अलगद निघालं. खाली ताजी, ओली माती.

“कापलाय,” नवशा म्हणाला. “गवत सोडवलं, माती काडली, परत गवत ठेवलं.”

“किती?” अंबाबाईने विचारलं.

नवशाने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. वीत.

ही चोरी सगळ्यांना माहीत होती आणि तिचं मापही ठरलेलं होतं. वीतभर माती काढली तर गवताची कड बेमालूम बसते. त्याहून जास्त काढली तर कड उघडी पडून शिवण दिसते. वीत म्हणजे बत्तीस घरांचं दीड-दोन दिवसांचं खणणं. तेवढी मजुरी कंत्राटदाराच्या खिशात राहायची, कारण रेल्वे त्याला पैसे बांधाच्या मापाने द्यायची.

गजा मुकादम पळत आला. त्याला बाकी काही झालं तरी चालायचं, पण कुदळींचा आवाज थांबलेला चालत नसे. त्याने सोमीच्या हातातलं गवत पाहिलं आणि तो गडबडला नाही. उलट हसला.

“बरं झालं, तुमीच उचलून दाखिवलं. म्हंजे मटाम चढिवलाय तुमी. गवताखाली माती भरली, माप वाढवाया. येऊ द्या साहेबाला.”

हेच त्याच्या बोलण्यातलं अवघड होतं. सुटं गवत दोन्ही बाजूंनी साक्ष देतं. मटाम कापणाराही गवत सोडवतो आणि मटाम चढवणाराही. मजूर चढवत नाहीत असं कोण म्हणणार? गेल्या साली घाटाखालच्या कामावर दोघे सापडले होते आणि सगळी माणसं कामावरून गेली होती.

“चढवला आसता,” अंबाबाई म्हणाली, “तर सोमी तोंडावर पडली नसती. पाटी आपटली नसती, उलट पाटीच वर जायाला कुथावं लागलं आसतं.”

“तू गप गं. बाईमानसाला मापातलं काय कळतंय?”

अंबाबाई गप्प बसणारी नव्हती. ती पळसदरीची कुळवाडीण, उंच, हाडापेराने दणकट, आणि तिची जीभ ओहोळासारखी, वाटेत दगड आला की जास्तच वाजणारी. ती बांधाच्या उतारावर चढली आणि तिने चौकड्यांमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं:

“साहेब परवा येनार हाय. तवर कुनी कुदळ मारू नका. एक कुदळ मारली तरी बूड खाली गेलं, मग माप मोडलं. जिथं हाय तिथं ठिवा. आनि साहेब आला म्हंजे आमा बायकांचे डोळे बांधा. भरलेली पाटी द्या हातात, आनि म्हना टेकवा. ज्या उंचीला आमी हात सोडू, तितं परवा मटाम व्हता. आंग काय खोटं बोलत नाय.”

मग पोशा म्हणून एक म्हातारा खणकरी होता, त्याने कुदळ खांद्यावरून उतरवून आपल्या मटामाला टेकवून ठेवली. दुसऱ्याने ठेवली. बत्तीस कुदळी बत्तीस मटामांना टेकल्या आणि बत्तीस बायका आपापल्या मटामापाशी पदर पसरून बसल्या. कोणी घोषणा केली नाही. या गोष्टीला काय म्हणतात हेही तिथे कोणाला माहीत नव्हतं. पण गजा मुकादमाने बांधावर उभं राहून ते पाहिलं आणि त्याचा हात नकळत आपल्या फेट्याकडे गेला.

“घाटावरनं मानसं आनीन,” तो म्हणाला.

“आन की,” सोमी म्हणाली. ती जवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतली, सगळ्या जगाला तू म्हणणारी. “त्यांच्या बायकांना पन कंबर आसंल.”

सगळे हसले. एक माणूस हसला नाही. तो अंबाबाईचा नवरा सहदेव.

*

दोन दिवस बसून राहणं हे खणण्यापेक्षा कठीण असतं हे त्यांना पहिल्याच दुपारी कळलं. हात रिकामे राहिले की भूक लवकर लागते. ऊन मटामांच्या माथ्यावर टेकलं. कोणी चुंबळी वळत बसलं, कोणी दुसरीच्या डोक्यातल्या उवा बघत बसलं. बायका उठल्या की जागेवर चुंबळ ठेवून जात, रुमाल टाकून जागा अडवावी तशी. मुकादमाची दोन माणसं कुदळी घेऊन एका चौकडीत उतरली, तर म्हातारा पोशा सरळ त्यांच्या पायापाशी आडवा झाला आणि म्हणाला, “खन बाबा. पर मला चुकवून खन.” ती माणसं परत चढली.

वरून आगगाडी गेली. मागे एक विंजिन, पुढे एक, धापा टाकत, डोंगराला धरून. सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. रोज जायची, पण रोज त्यांच्या माना खाली असायच्या.

“ह्याला पानी पाजाया आपन बसलोय,” नवशा म्हणाला.

“बसलोय म्हनूनच त्याला कळंल कोन पाजतं,” अंबाबाई म्हणाली.

सहदेव चौकडीच्या कोपऱ्यात पाठ फिरवून बसला होता. त्याचा उजवा अंगठा चिंध्यांनी बांधलेला होता. आठ दिवसांपूर्वी नखात सळ शिरली, नखुरडं झालं, अंगठा वांग्यासारखा सुजला. तरी तो खणत होता. कुदळीचा दांडा धरताना अंगठा वर उचललेला, जणू कोणाला वाट दाखवतोय. म्हणून त्यांची चौकडी मागे पडली होती, आणि देवदिवाळीच्या आदल्या दिवशी, पाट्या रिकाम्या करून बायका हातपाय धुवायला ओहोळावर उतरल्या तेव्हा, अंबाबाई सगळ्यांदेखत बोलून गेली होती:

“नवशाचा मटाम सोमीच्या बरगडीला लागतोय, आनि आमचा माज्या कमरंला बी नाय. आमचं धनी खनत्यात का मातीला गुदगुल्या करत्यात?”

सोमी तिच्या खांद्याएवढी होती, त्यामुळे हिशेब तसाही बरोबर नव्हता. ती थट्टा होती. बायका हसून हसून पाण्यात बसल्या. सहदेव वरच्या अंगाला कुदळ धूत होता. त्याने ऐकलं.

आता, बसल्याच्या पहिल्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत अंबाबाई त्याचा अंगठा धुवायला त्याला ओहोळावर घेऊन गेली. चिंधी सोडली. पू पिवळा, थोडा कमी झालेला. तिने कोमट पाण्याचं मडकं आणलं होतं.

“लई दुकतंय?”

“नाय.”

“मंग त्वांड का असं?”

सहदेव पाण्याकडे बघत राहिला. “तुजी पाटी पडली नाय.”

“नाय. आपला मटाम इसरला आसंल मुकादम.”

“इसरला नाय. गवत सुटं हाय. म्या बघितलं.”

“मंग पडली कशी नाय?”

त्याने सांगितलं. सणाच्या सकाळी, ती देवांचा नैवेद्य रांधत होती तेव्हा, तो बैल बघून येतो म्हणून निघाला होता. माळावर चिटपाखरू नव्हतं. त्याने मटामाचं गवत सोडवलं, खाली वीतभर माती भरली, थापली, गवत परत बसवलं. वीतच, कारण त्याहून जास्त लपत नाही. आणि घरी येऊन जेवला. दुपारी केव्हातरी मुकादम आला असणार. त्याने सगळ्यांच्याबरोबर हाही कापला. वीतच, कारण त्याहून जास्त लपत नाही.

“चढला वीत, उतरला वीत,” सहदेव म्हणाला. “म्हून जागच्या जागी हाय.”

अंबाबाईच्या हातातलं मडकं कलंडलं तरी तिचं लक्ष नव्हतं. पाणी त्याच्या अंगठ्यावरून, तिच्या मनगटावरून, दगडांमध्ये गेलं.

तिने मन लावून विचार केला आणि तो विचार करताना तिला पहिल्यांदा आपल्याच जिभेची भीती वाटली. डोळे बांधायचं तिनेच सांगितलं होतं. एकतीस पाट्या पडतील आणि आपली पडणार नाही. गजा म्हणेल, बघा, हिचा मटाम जिथल्या तिथे, म्हणजे मी कापलेच नाहीत, बाकीच्या शिकवल्याप्रमाणे पाट्या टाकतायत. आणि चढवल्याचं कळलं तर आणखीच वाईट. एक चढवतो म्हणजे सगळेच चढवतात.

“गुदगुल्या,” ती हळूच म्हणाली. “त्येच्यापायी केलंत?”

तिने चिंधी पिळली आणि अंगठ्याभोवती गुंडाळायला लागली, एक वेढा, दुसरा, तिसरा, गरजेपेक्षा जास्त.

“तू पन वीतभर वर सोड,” तो म्हणाला. “कुनाला कळतंय? सगळ्यांच्या पाट्या पडतील, त्यात तुजी. सगळ्यांचंच भलं हाय त्यात.”

ते खरं होतं, हेच तर अवघड होतं. एका खोटेपणाने एकतीस खरी माणसं तरत होती. अंबाबाईने गाठ मारली.

“सोडीन,” ती म्हणाली.

*

साहेब तिसऱ्या दिवशी सकाळी रुळांवरच्या ढकलगाडीतून आला. घाटात त्याची इतकी वर्षं गेली होती की त्याला मराठी येत होतं, फक्त ते पुस्तकातून उचलून आणल्यासारखं कडक होतं. बरोबर कंत्राटदार भिवाजीशेट, छत्री उघडलेली, धोतर मातीला लागू नये म्हणून चिमटीत धरलेलं. साहेबाने बत्तीस कुदळी उभ्या पाहिल्या. त्याने मुकादमाचं ऐकलं, मग मजुरांचं ऐकलं. डोळे बांधायची गोष्ट त्याने दोनदा सांगायला लावली.

“रिकामी पाटी कोणीही कुठेही धरील,” तो म्हणाला. “पूर्ण भरा.”

“भरनारच हाय,” सोमी म्हणाली. “रिकामी पाटी आमी कदी उचलली तुज्या कामावर?”

सुरुवात तिच्यापासून झाली. तिने पदर डोळ्यांवर घट्ट बांधला. नवशाने पाटी शिगोशीग भरली. साहेब चौकडीत उतरला आणि मटामाशेजारी गुडघ्यावर बसला, डोळे गवताच्या रेषेत. सोमीने पाटी गुडघ्यावर घेतली, कमरेला हिसका दिला, वर नेली आणि हात सोडले.

पाटीचं बूड आणि गवत यांच्यामध्ये हवा होती. वीतभर. त्या फटीतून पलीकडचा डोंगर दिसला, त्याच्यावरची आगगाडीची वाट दिसली. डोळ्याचं पातं लवायच्या आत पाटी खाली आली. धप्प.

साहेब उठला. पुढच्या चौकडीत गेला. तिथली बाई सोमीपेक्षा हातभर उंच. तिनेही हात सोडले. पुन्हा वीतभर उजेड आणि पुन्हा धप्प. तिसरी पोटुशी होती, तिने पाटी कुशीकडून वर नेली. धप्प. चौथी म्हातारी, डाव्या हाताची. धप्प. उंच, बुटक्या, कुळवाडणी, ठाकरणी, कोणाच्या कमरेला तर कोणाच्या बरगडीला लागणारे मटाम, प्रत्येकीची उचलायची तऱ्हा वेगळी, आणि सगळ्यांच्या खाली हवा तेवढीच. जणू सगळ्या माळावरून कोणीतरी एक पातळ चादर काढून नेली होती आणि आता या बायका डोळे बांधून ती चादर परत अंथरत होत्या. बत्तीस पुरुष चौकड्यांच्या कडेला उभे होते. ज्या जागी रोज बायको पाटी टेकवते ती जागा त्यांनी कधी पाहिलीच नव्हती, आणि आता ती त्यांना दिसत होती, काही नसलेली जागा, हवेत. भिवाजीशेटने छत्री कधी मिटली ते त्याला कळलं नाही. म्हातारा पोशा हात जोडून उभा होता, देवळात उभं राहावं तसा.

साहेबाने विसाव्या पाटीनंतर मोजकाठी मुकादमाच्या हातात दिली, कारण तिचं काही काम उरलं नव्हतं.

अंबाबाईची चौकडी शेवटची. धप्प, धप्प असं जवळ येताना ती ऐकत होती. दोन रात्री तिने मनातल्या मनात शंभर वेळा पाटी सोडली होती. वीतभर वर. बरगडीला लागली की सोडायची. तिने डोळ्यांवर पदर बांधला आणि अंधारात स्वतःलाच सांगितलं, बरगडीला.

सहदेवने पाटी भरली. त्याच्या अंगठ्यावरच्या चिंधीचा स्पर्श तिच्या हाताला झाला. तिने पाटी गुडघ्यावर घेतली. ओली माती, जड. कमरेला हिसका. आणि मग हात निघाले ते तिचे नव्हतेच, ते त्या आठवड्यातल्या हजार पाट्यांचे होते. त्यांना बरगडी माहीत नव्हती. त्यांना एकच जागा माहीत होती. पाटी पुढे गेली आणि बसली.

आवाज झाला नाही.

अंबाबाईने पदर वर केला नाही. ती तशीच उभी राहिली, हात पाटीच्या काठावर.

“बघा,” गजा मुकादम म्हणाला. त्याला एवढा वेळ घाम फुटला होता, तो आता हसत होता. “बघा साहेब, हिचा मटाम जागच्या जागी. म्या कापले आसते तर हिचाच सोडला आसता? ही तर म्होरकी हाय ह्यांची. बाकीच्यांनी शिकून पाट्या टाकल्या, हिला सोंग जमलं नाय.”

साहेबाने पाटी बाजूला करायला सांगितली. मग त्याने स्वतः वाकून मटामावरचं गवत उचललं. ते टोपीसारखं निघालं.

“हेही सुटे आहे,” तो म्हणाला. “सुटे आहे आणि उंची तीच आहे. हे कसे?”

अंबाबाईने ओठ घट्ट मिटले. जन्मात पहिल्यांदा तिला बोलता येईना. वर काठावर बायका एकमेकींकडे बघत होत्या, सोमी तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात एक बारीक शंका उतरायला लागली होती, पाण्यात रंग उतरावा तशी.

“म्या चढिवला व्हता,” सहदेव म्हणाला.

तो चौकडीत तिच्या शेजारीच उभा होता. त्याने साहेबाकडे बघितलं नाही, हातातल्या फावड्याकडे बघून बोलला. “सनाच्या सकाळी. वीतभर. अंगठा दुकत व्हता, चौकडी मागं पडली व्हती, लाज वाटली. बायकूला ठावं नव्हतं. मागनं दुपारी कुनीतरी कापला, वीतभर. म्हून बराबर झाला.”

काठावर कोणीतरी थुंकलं. पोशा म्हणाला, “आमच्या समद्यांच्या तोंडावर माती टाकलीस रं सहद्या.”

“बघा,” गजा मुकादम आता साहेबाच्या अगदी जवळ आला. “सोताच्या तोंडानं सांगितलं. चोर हायती समदे. मी म्हनलो नव्हतो, चढिवत्यात म्हून?”

साहेबाने हातातलं गवत उलटं केलं, मुळं पाहिली, परत सुलटं केलं. मग मुकादमाला विचारलं:

“या माणसाने वीतभर चढवले.”

“व्हय साहेब. कबूलच हाय.”

“मग ती वीत कुठे गेली?”

मुकादमाने तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. त्याने मटामाकडे बघितलं, भिवाजीशेटकडे बघितलं, परत मटामाकडे.

मग काठावर सोमी हसली. आधी खुदकन, मग मोठ्याने, पोट धरून. “चोराची चोरी चोरानं नेली आनि निशानी ठिवून गेला,” ती म्हणाली, आणि ते हसू बत्तीस चौकड्यांवरून वाऱ्यासारखं गेलं. अंबाबाईने पदर सोडला तेव्हा उजेडाने तिचे डोळे भरून आले होते, उजेडाने किंवा कशाने.

*

मिटवामिटवी तिथेच, बांधावर बसून झाली. साहेब म्हणाला, माझं काम मोजणं. मटाम खोटे असतील तर मी मोजणार नाही, आणि मी मोजलं नाही तर शेटला रेल्वेकडून काही मिळणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. तो बाजूला जाऊन दगडावर बसला. भिवाजीशेटला मजुरांच्या समोर मातीत बसावं लागलं. धोतर लागलं मातीला.

एकतीस मटामांना वीत मिळाली. सहदेवचा जसा होता तसा धरला, कारण तो खरा होता, चुकून का होईना. बसून काढलेल्या दोन दिवसांचं शेट काही देईना. शेवटी अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर मिटलं. मग सोमीने आपली अट सांगितली: इथून पुढे चौकडी आखली की त्याच दिवशी मटामाच्या माथ्यावर, गवतावर, घट्ट कालवलेला चुना थापायचा. आणि त्याच्यावर दोन पंजे उठवायचे, एक मुकादमाचा, एक पाटी उचलणाऱ्या बाईचा. गवत हललं की चुना तडकणार.

“बाईचा कशाला? खननाऱ्याचा घ्या की,” शेट म्हणाला.

“खननाऱ्याला काय ठावं मटाम कुटं लागतो?” सोमी म्हणाली.

गजा मुकादमाला शेटने खडीच्या कामावर धाडलं. पण त्याच्या बदल्यात शेटला सहदेव कामावर नको होता, कायमचा. तेव्हा कुरकुर झाली. चढवणारा तो चढवणाराच, असं पुष्कळांचं मत होतं. पोशाचंही होतं. अंबाबाई एक शब्द बोलली नाही. सोमी मात्र उठली, आपल्या चौकडीत उतरली आणि मटामाला पाठ लावून परत खाली बसली.

“त्यो बोलला नसता तर तुमची वीत सापडली नसती,” ती म्हणाली. “आठ दीस घरी बसंल. नवव्या दिशी येईल. नायतर मी इथंच हाय.”

तिने पाय लांब केले. भिवाजीशेटने तिच्याकडे बघितलं, मग साहेबाकडे, मग उन्हाकडे.

“आठ दीस,” तो म्हणाला.

ते आठ दिवस नवशा दोन चौकड्या खणत होता. आपली अर्धा दिवस, अंबाबाईची अर्धा दिवस. अंबाबाई माती वाहत होती आणि कोणाची थट्टा करत नव्हती, इतकी की बायका तिला विचारायला लागल्या, जीभ गहाण टाकलीस का. सहदेव घरी भाताच्या पेंढ्या रचत होता. संध्याकाळी ती त्याचा अंगठा धुवायची. नख गळून पडलं. खाली नवं नख येत होतं, कोवळं, तांदळाच्या कणीएवढं.

नवव्या दिवशी तो आला. नवी चौकडी आखलेली होती. मधोमध मटामाच्या माथ्यावर चुना, चुन्यात दोन पंजे. मोठा, बोटं फाकलेला, नव्या मुकादमाचा. शेजारचा अंबाबाईचा, त्याच्याइतकाच मोठा. सहदेवने तो पंजा जरा वेळ पाहिला आणि खणायला लागला. कोणी त्याच्याशी बोललं नाही. पोशा वाटेने गेला तेव्हा म्हणाला, “अंगठा खाली ठिव रं, दांडा फिरतोय,” एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पाटी भरली आणि हात थांबवला.

“टेकव बगू,” तो म्हणाला.

अंबाबाईने त्याच्याकडे बघितलं. मग पदर ओढून डोळ्यांवर घेतला. पाटी गुडघ्यावर, हिसका, वर. बसली. आवाज झाला नाही.

“लागला?”

“लागला.”

“कुटं?”

“मांडीला.” ती पाटीखाली डोकं घालत होती. ती वर आली तेव्हा तिच्या कोपराला चुन्याची पांढरी रेघ होती. “नवशाचा सोमीच्या कमरंला हाय.”

आणि ती चालू लागली, मान ताठ, बांधाच्या दिशेने, तो आता पुरुषभर उंच झाला होता. सहदेवने अंगठ्याची चिंधी दातांनी आवळली आणि कुदळ उचलली.